दोन तारामती आणि मधली एकोणीस वर्षं

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या तयारीला लागले तेव्हा राजा मिळाला, रोहिदासासाठी घरचाच मुलगा मिळाला, तारामती मात्र काही केल्या मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, कलावंतिणींच्या घरांचे उंबरठे झिजवून झाले. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं गेलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी पाहिलेली तारामती ही अशी होती. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

१९३२ साली तीच कथा बोलपटात आली. ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ची तारामती मात्र गिरगावातल्या कांदेवाडीत वाढलेली, कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली, प्रतिष्ठित घरची सून होती. तिचं नाव दुर्गा खोटे. या दोन तारामतींमधल्या एकोणीस वर्षांत काय बदललं ते समजून घेतल्याशिवाय दुर्गाबाईंचं मोठेपण कळत नाही, असं मला वाटतं. त्यांच्याबद्दल बोलताना आपण थेट ‘मुघल-ए-आझम’च्या जोधाबाईपाशी येऊन थांबतो आणि खरी गोष्ट मागेच राहते.

पडद्यावर येणारी पहिली बाई दुर्गाबाई खोटे नव्हेत, हे आधी सांगायला हवं. तो मान दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई यांचा. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये या मायलेकी उभ्या राहिल्या. पण त्या फिरत्या नाटक मंडळीतल्या होत्या, आणि नाटकातल्या बाईकडे समाज कसा बघत होता ते आपल्याला ठाऊक आहे. मूकपटांच्या जमान्यात नायिका म्हणून गाजल्या त्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, पेशन्स कूपर, सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ. बहुतेक अँग्लो-इंडियन किंवा ज्यू घरांतल्या. चित्र मुकं होतं, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती आणि घरच्यांचा विरोधही तुलनेने कमी होता.

१४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि सगळा हिशेबच उलटला. आता नायिकेला बोलावं लागणार होतं, गावंही लागणार होतं, तेही कॅमेरा चालू असताना, कारण पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. स्वच्छ हिंदी किंवा मराठी बोलणाऱ्या, गळ्यात सूर असलेल्या आणि पडद्यावर शोभणाऱ्या स्त्रियांची गरज एकाएकी निर्माण झाली. दुर्गाबाई आल्या त्या या फटीतून.

त्यांचं माहेरचं नाव विठा लाड. जन्म १४ जानेवारी १९०५ चा. घराणं मूळचं गोव्याकडचं, घरात कोंकणी बोलली जाई, वडील नामांकित सॉलिसिटर. लग्न झालं ते खोट्यांच्या श्रीमंत घराण्यात. पुढे त्या घराची आर्थिक घडी विस्कटली आणि बकुळ आणि हरीन या दोन मुलांसाठी दुर्गाबाईंना मिळवतं व्हावं लागलं. आधी शिकवण्या केल्या. मग मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मधलं छोटंसं काम आलं. मूळ विचारणा त्यांची बहीण शालिनी हिला झाली होती. तिने नकार दिला आणि दुर्गाबाईंचं नाव सुचवलं.

चित्रपट वाईट होता. त्याहून वाईट म्हणजे जाहिरातीत लाडांची मुलगी, खोट्यांची सून अशी घराण्यांची नावं मिरवली गेली. गिरगावात आणि दोन्ही घरांच्या नात्यागोत्यांत काहूर उठलं. आज एखादी मुलगी सिनेमात जाते म्हटलं की घरात पेढे वाटतात. त्या काळात अख्ख्या कुटुंबाला मान खाली घालावी लागे. एवढं झाल्यावर ही बाई पुन्हा कधी स्टुडिओची पायरी चढली नसती, तरी तिला कोणी दोष दिला नसता.

पण तोच चित्रपट व्ही. शांताराम यांच्या नजरेस पडला. दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी केली होती आणि ते पहिल्या बोलपटासाठी तारामती शोधत होते. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला गेला. म्हणजे दुर्गाबाईंना एकच प्रसंग दोनदा उभा करायचा होता, दोन भाषांत, आणि गाणी स्वतःच्या गळ्याने म्हणायची होती. ६ फेब्रुवारी १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि ज्या नावाने घराला खाली बघायला लावलं होतं त्याच नावाचा गवगवा झाला. विषयही मदतीला आला असणार. काशीच्या बाजारात नवऱ्यासाठी विकली जाणारी पतिव्रता! तिच्याकडे बोट दाखवणं लोकांनाही जड गेलं असेल.

मला मात्र त्यांच्या पुढच्या भूमिका जास्त मोलाच्या वाटतात. पतिव्रतेच्या साच्यात त्या कायमच्या अडकू शकल्या असत्या, अडकल्या नाहीत. ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या, आणि राणीजवळ चित्ता होता तो खराखुरा. १९३६ च्या ‘अमरज्योती’तली सौदामिनी तर आजही अंगावर येते. नवऱ्याकडून मूल परत मिळावं म्हणून ती दाद मागते आणि तिला सांगितलं जातं की बायको ही नवऱ्याची दासी, तिला कसला हक्क. ती बाई मग समुद्रावर जाऊन चाच्यांची म्होरकी होते. दुर्जय प्रधानाला पकडते, त्याचा पाय तोडते. दुर्जय झालेल्या चंद्रमोहनच्या त्या घाऱ्या, भेदक डोळ्यांसमोर उभं राहून संवाद म्हणायचे हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. दुर्गाबाईंची ताठ मान, रुंद खांदे आणि स्वच्छ, खालच्या पट्टीतला आवाज तिथे पुरेपूर कामी आला. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

व्यवहाराच्या बाजूनेही त्यांनी एक पायंडा पाडला. कलाकार तेव्हा एका कंपनीत महिना पगारावर असत. दुर्गाबाई ‘प्रभात’मध्ये काम करत असतानाच कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ या चित्रपटांत पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. कुणा एका स्टुडिओच्या दावणीला त्या बांधल्या गेल्या नाहीत. पुढे १९३७ मध्ये ‘सवंगडी’च्या निमित्ताने निर्मितीतही उतरल्या. आचार्य अत्रे यांचा ‘पायाची दासी’ आणि विजय भट्ट यांचा ‘भरत मिलाप’ यांतल्या कामांची बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संस्थेनेही दखल घेतली.

वय वाढलं तशा त्या आईच्या भूमिकांकडे वळल्या. पण त्यांच्या आया रडक्या नव्हत्या. जोधाबाई नवरा आणि मुलगा यांच्या युद्धात मधे उभी असते, तरी तिचं राणीपण क्षणभरही सुटत नाही. ‘बॉबी’तली मिसेस ब्रगांझा, ‘अभिमान’मधली दुर्गामावशी ही त्याच घडणीची माणसं. ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला. पद्मश्री १९६८ चं, दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ चा.

मराठी रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधलं त्यांचं काम पाहिलेली पिढी आता जवळजवळ उरली नाही. घरातली दुःखंही थोडी नव्हती. वैधव्य लवकर आलं, हरीन तरुणपणी गेला. त्याची पत्नी पुढे विजया मेहता म्हणून मराठी नाटकाची दिशा बदलणारी दिग्दर्शिका झाली. दुर्गाबाई कामाला धरून राहिल्या, लघुपट काढले, जाहिरातपट काढले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ सुरू झाली ती त्यांच्याच संस्थेची. आत्मचरित्र त्यांनी मराठीतच लिहिलं, ‘मी, दुर्गा खोटे’ या नावाने. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या.

‘आलम आरा’ची प्रत आज जगात कुठेच उपलब्ध नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र शिल्लक आहे, जतन झालेला सर्वांत जुना भारतीय बोलपट म्हणून. ध्वनी खरखरतो, चित्र मधेमधे थरथरतं. पण तारामती रोहिदासाला झोपवताना अंगाई म्हणते तेव्हा तो आवाज सत्तावीस वर्षांच्या दुर्गाबाईंचा असतो, त्यांचा स्वतःचा.