सार्वजनिक शिल्पांच्या भावदर्शी तपशिलांचे छायाचित्रण

चौकात, उद्यानात किंवा स्मारकस्थळी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचा भाव ज्या अंगांत एकवटलेला असतो, त्या चेहरा, हात, मानेचा कल, पावलांचा ताण किंवा वस्त्राच्या चुण्या यांसारख्या अंगांचे जवळून केलेले छायाचित्रण. संपूर्ण शिल्पाची नोंद करणाऱ्या दस्तऐवजी छायाचित्राहून त्याचा हेतू वेगळा असतो. उंच चौथऱ्यावरचा पुतळा येणाऱ्या-जाणाऱ्यांना बहुधा केवळ आकृती म्हणून दिसतो. भुवईच्या एका आठीसाठी शिल्पकाराने घेतलेले श्रम त्यांच्यापर्यंत पोहोचवणे, हे या छायाचित्रणाचे खरे काम होय.

शिल्प हा छायाचित्रणाच्या आरंभापासूनचा विषय आहे, कारण दीर्घ उद्भासनकाळातही (चित्र टिपण्यासाठी कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याच्या वेळातही) ते हलत नाही. १८४४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी पॅट्रोक्लस या ग्रीक पुराणकथेतील योद्ध्याच्या अर्धपुतळ्याचे चित्र दिले. पुतळा थोडा फिरवला किंवा कॅमेऱ्याची जागा बदलली की चित्राचा परिणाम पालटतो, आणि थेट उन्हातील गडद सावल्या सौम्य करण्यासाठी बाजूला पांढरे कापड धरावे, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. हाइन्रिख व्होल्फलिन या कलेतिहासकारांनी १८९६ पासून लिहिलेल्या लेखांत शिल्पाला त्याचा स्वतःचा मुख्य दर्शनकोन असतो आणि छायाचित्रकाराने मनमानी न करता तोच शोधावा, असे प्रतिपादन केले. प्रबोधनकाळातील अनेक एकल मूर्तींना हा नियम लागू पडतो. प्रत्येक शिल्पाला मात्र तो लावता येत नाही.

फ्रेंच शिल्पकार ओग्यूस्त रोदँ यांचा ‘कॅलेचे नागरिक’ हा १८९५ मध्ये फ्रान्समधील कॅले येथे अनावरण झालेला शिल्पसमूह याचे उत्तम उदाहरण आहे. १३४७ मध्ये वेढ्यातील नगर वाचवण्यासाठी स्वतःला शत्रूच्या स्वाधीन करायला निघालेल्या सहा नागरिकांच्या या समूहाला एकच दर्शनी बाजू नाही. एकाने दोन्ही हातांत डोके धरले आहे, दुसऱ्याने नगराची किल्ली घट्ट पकडली आहे, आणि हात-पाय मुद्दाम मोठे घडवल्यामुळे प्रत्येकाचे दुःख चेहऱ्याइतकेच बोटांतून आणि जमिनीला खिळलेल्या पावलांतून प्रकट होते. अशा शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. हा समूह पाहणाऱ्यांच्या जवळ असावा अशी रोदँ यांची इच्छा होती, तरी तो आधी उंच चौथऱ्यावर बसवला गेला आणि १९२४ मध्ये खाली आणला गेला. चौथऱ्याची उंची छायाचित्राचा अर्थ किती बदलते, हे यावरून कळते.

उलट, मायकेलअँजेलोचा सुमारे ५.१७ मीटर उंचीचा डेव्हिड मुळात फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर उंच बसवण्यासाठी घडवला गेला. पुढे १५०४ पासून १८७३ पर्यंत तो उघड्या चौकात उभा होता. त्याच्या भुवया खोल कोरलेल्या आहेत आणि उजवा हात शरीराच्या मानाने मोठा आहे. चेहऱ्याच्या पातळीवर चढून घेतलेल्या चित्रात त्याच्या कपाळावरील ताण अधिक तीव्र दिसतो. असे चित्र खोटे नसते, पण ते कोठून घेतले हे वाचकाला सांगितले पाहिजे.

तपशिलाचा भाव मुख्यतः प्रकाशाच्या दिशेवर ठरतो. समोरून पडणारा प्रकाश उठाव पुसून टाकतो, तर सकाळ-संध्याकाळचा तिरकस प्रकाश छिन्नीच्या खुणा, शिरा आणि ओठांची कड उघड करतो. मध्यान्हीच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नजर हरवते. कोरलेल्या बुबुळांत सावली नेमकी बसली तरच पुतळा पाहतो आहे असे वाटते. त्यामुळे एकाच शिल्पाकडे वेगवेगळ्या वेळी परत जाणे आवश्यक ठरते. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी १९०८ मध्ये रोदँ यांनी घडवलेल्या, फ्रेंच कादंबरीकार बाल्झॅकच्या प्लॅस्टर पुतळ्याची छायाचित्रे चांदण्यात, दीर्घ उद्भासनाने घेतली, तेव्हा बारकावे विरून गेले आणि केवळ आकाराचा दरारा उरला. तपशील कधी सोडावा याचाही तो धडा आहे.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गडद ब्राँझला प्रत्यक्षापेक्षा उजळ आणि पांढऱ्या संगमरवराला करडे करतो, म्हणून ब्राँझसाठी उद्भासन थोडे कमी व संगमरवरासाठी थोडे वाढवावे लागते. उघड्या धातूवरील झळाळी ध्रुवीकरण फिल्टरने (पाणी-काचेवरची चमक कमी करणाऱ्या, भिंगापुढे लावायच्या काचेने) फारशी कमी होत नाही. तेथे ढगाळ आकाशच उपयोगी पडते. वाइड अँगल भिंगाने अगदी जवळून घेतल्यास नाक-हनुवटी फुगून शिल्पकाराने योजलेली प्रमाणे बिघडतात. दूर उभे राहून टेलिफोटो भिंग वापरल्यास ती टिकतात आणि मागचे खांब, तारा, फलक चौकटीबाहेर ठेवणेही सोपे जाते.

शिल्पाच्या छायाचित्राबाबतचे कायदे देशानुसार भिन्न आहेत. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातील कलम ५२ प्रमाणे सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरत नाही. अमेरिकेत शिल्पांना अशी सूट नाही. वॉशिंग्टनमधील कोरियन युद्ध स्मारकात फ्रँक गेलॉर्ड यांनी घडवलेल्या १९ सैनिकाकृती आहेत. बर्फात उभ्या असलेल्या या आकृतींचे छायाचित्र २००३ मध्ये टपाल तिकिटावर छापले गेले. २०१० मध्ये अपील न्यायालयाने हा वापर ‘न्याय्य वापर’ (फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय करता येणारा मर्यादित वापर) यात बसत नसल्याचा निर्णय दिला.