लक्ष्यांतर (रिमफायर नेमबाजी)

लक्ष्यांतर : रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेत स्फोटक मिश्रण भरलेल्या, लहान काडतुसाच्या नेमबाजीत गोळीबाराची रेषा आणि लक्ष्य यांत राखावयाचे अंतर. ५.६ मिमी. व्यासाचे ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस येथे अभिप्रेत असून मराठवाड्यातील एनसीसीच्या छात्रांना ते ‘पॉइंट टू-टू’ या नावाने परिचित असते. ते सामान्यतः १८८७ च्या सुमारास अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने प्रचारात आणले, असे मानतात.

लक्ष्यांतरांच्या दोन मालिका रूढ आहेत. ब्रिटिश-अमेरिकी प्रथेत ५० फूट आणि २५, ५० व १०० यार्ड, तर यूरोपीय व ऑलिंपिक प्रथेत २५ व ५० मी. ही अंतरे आढळतात. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या काडतुसाची नेमबाजी यार्डांत झाली आणि १९१२ साली स्टॉकहोम येथे ५० मी. अंतर आले, त्यावरून ५० मी. हे ५० यार्डांचेच (४५.७२ मी.) पूर्णांकी रूप होय, अशी समजूत आहे. तथापि १८९७ च्या ल्याँ येथील पहिल्या जागतिक स्पर्धेतच ३०० मी. अंतर होते, हे पाहता मीटरची गणना यूरोपात स्वतंत्रपणे रुळली होती, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. धातूच्या आकृत्या पाडण्याच्या स्पर्धेतील ४०, ६०, ७७ व १०० मी. या अंतरांचा उगम मात्र निर्विवाद आहे : मोठ्या रायफलींच्या २००, ३००, ३८५ व ५०० मी. अंतरांचा तो पंचमांश होय.

जागेअभावी ५० मी.चे लक्ष्य २५ मी. वर लावताना वर्तुळे सरळ निम्मी करून भागत नाही, कारण गोळीचे छिद्र निम्मे होत नाही. आंतरराष्ट्रीय रायफल लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिमी. असते आणि छिद्राची कड त्याला शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छिद्राचा मध्य १०.४ + ५.६ = १६ मिमी. व्यासात पडला की पुरते. निम्म्या अंतरावर हा ग्राह्य व्यास ८ मिमी. होतो आणि त्यातून ५.६ वजा जाता छापावयाचे वर्तुळ अवघे २.४ मिमी. उरते. त्याऐवजी ५.२ मिमी. छापल्यास ग्राह्य व्यास १०.८ मिमी. होऊन लक्ष्य सुमारे एकतृतीयांशाने सोपे होते. झेरॉक्सवर लहान केलेल्या लक्ष्यांवर गुण फुगतात ते यामुळेच. नेम धरण्याचा काळा गोल (११२.४ मिमी.) डोळ्याला तेवढाच दिसावयास हवा, म्हणून तो मात्र सरळ निम्मा करतात.

स्पर्धेच्या काडतुसातील सुमारे २.६ ग्रॅमची गोळी नळीबाहेर पडताना सेकंदाला सुमारे ३३० मी. वेगाने जाते. रायफल ५० मी. वर ‘झिरो’ केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमाच्या जागी लागेल अशी जुळवली असता १०० मी. वर गोळी साधारण १५ ते २० सेंमी. खाली लागते आणि आडव्या वाऱ्याने होणारे विचलन ढोबळमानाने अंतराच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे चौपट, वाढते. अधिक वेगाची काडतुसे वापरून वाऱ्यावर मात करता येत नाही. ध्वनिवेगाजवळ हवेचा रोध वाढत असल्याने ती उलट जास्त वाहवतात. ध्वनिवेग १० अंश से. तापमानाला सुमारे ३३७, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मी. असतो. त्यामुळे ३४५ मी. वेगाची गोळी परभणीकडील हिवाळ्याच्या सकाळी ध्वनीच्या पुढे आणि मे महिन्याच्या दुपारी मागे राहू शकते, अर्थात उष्णतेने दारूचा जोरही काहीसा वाढतो हे जमेस धरून. म्हणून हात व श्वास पारखण्यास २५ मी., हत्यार व काडतूस पारखण्यास ५० मी. आणि वारा ओळखण्याच्या अभ्यासास १०० मी. हे अंतर योग्य ठरते.

एनसीसीच्या प्राथमिक सरावात सुमारे २५ मी. वरून गोळ्यांचा ‘ग्रुप’ जुळवणे, म्हणजे सर्व गोळ्या एकमेकींच्या जवळ मारणे, शिकवितात. परवान्याची बाब शस्त्र अधिनियम, १९५९ खाली येते.

मैदानाची आखणी करताना मराठवाड्यात जमिनीचा विचार अंतराइतकाच महत्त्वाचा ठरतो. भरकटलेली गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते; शिवाय ही शिशाची गोळी दगडावरून सहज उसळते. म्हणून बालाघाटाच्या मुरमाड माळावर मागचा बांध घालताना दर्शनी थर बिनखड्याच्या मातीचाच हवा. गोदाकाठची काळी माती त्यास सोयीची, पण उन्हाळ्यात ती भेगाळते व दरवर्षी डागडुजी मागते. ऊन नेमबाजाच्या पाठीशी राहावे म्हणून मैदानाचे तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवतात. तरीही एप्रिल-मेमध्ये जमिनीलगतच्या झळांनी ५० मी. वरील काळा गोल थरथरताना दिसतो, त्यामुळे या काळात सराव उगवतीलाच उरकणे इष्ट.