बिननावाच्या अकरा जणांची बांधणी: कंपनी फुटबॉलपासून टर्फपर्यंत

ऐरोली, घणसोली, नेरुळ, खारघर, कळवा, मुंब्रा या पट्ट्यात खालच्या लीगसाठी नव्याने संघ उभारायचा म्हटलं तर खेळाडूंची वानवा नाही. रात्री अकरा वाजता कुठल्याही टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या जाळीबंद मैदानावर जा, पायात चेंडू घट्ट असलेली पाच-सहा मुलं दिसतीलच. त्यांचं नाव पेपरात आलेलं नसतं, कुठल्या अकादमीचा शिक्काही नसतो. त्यांच्याकडे एकच गोष्ट नसते: त्याच दहा जणांबरोबर सलग खेळलेले महिने. पूर्वी मुंबईच्या फुटबॉलमध्ये हे महिने आपसूक मिळत. ते कसे मिळत होते आणि का बंद झाले, हे समजलं की आज संघ बांधताना नेमकं काय विकत घ्यावं लागतं, तेही समजतं.

ऑफिसचा हजेरीपट आणि राइट बॅक

रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा; तो १८९१ साली मुंबईत सुरू झाला आणि सुरुवातीची कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींचाच राहिला. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स, १९३७ साली. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची. पण स्वातंत्र्यानंतर इथला खेळ खऱ्या अर्थाने पेलला तो कंपन्यांनी. टाटा, मफतलाल, महिंद्रा, एअर इंडिया, आरसीएफ, ओएनजीसी, शिवाय बँका. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा टाटांच्या संघातला खेळाडू. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. वांद्र्याचं मैदान आज त्याच्या नावाने ओळखलं जातं.

कंपनी फुटबॉलची रचना साधी होती. स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, सकाळी सराव, मग टेबलावर काम, सामन्याच्या दिवशी सवलत. पगार पक्का असल्याने मुलगा संघ सोडून जात नसे. परिणामी एकच राइट बॅक (उजवीकडचा बचावपटू) आणि एकच स्टॉपर (मधला बचावपटू) सात-आठ वर्षं शेजारी-शेजारी उभे राहत. विंगर आत वळला की कोण पुढे जाणार आणि कोण थांबणार, हे त्यांना ओरडून सांगावं लागत नसे. त्यातले बहुतेक जण मैदानाबाहेर कुणाला माहीत नव्हते. तरीही ते संघ हरवायला कठीण होते आणि त्याचं मोठं कारण हे शेजारपण होतं.

मग ही सोय गेली. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर (नॅशनल लीगच्या जागी आलेल्या वरच्या श्रेणीबाहेर) गेले, कारण आशियाई फुटबॉल संघटनेच्या परवान्याच्या अटी त्यांना पुऱ्या करता आल्या नाहीत. स्वतंत्र क्लब म्हणून नोंदणी, व्यावसायिक करार, वयोगटांचे संघ, वेगळा ताळेबंद, अशा त्या अटी. अटी चुकीच्या नव्हत्या. पण एका कंपनीच्या कर्मचारी-कल्याण खात्यातून चालणाऱ्या संघाला त्या मानवणाऱ्याही नव्हत्या. मुंबईतल्या साध्या, मेहनती खेळाडूला बांधून ठेवणारी दोरीच त्यामुळे सुटली. त्यानंतर करार एका मोसमाचा, आणि खाली आलं की एका स्पर्धेचा.

खालिद जमील आणि ओळखीचा कणा

या मोडतोडीच्या काळात जे उत्तर सापडलं, ते मुंबईत घडलेल्या एका प्रशिक्षकाच्या कामातून दिसतं. खालिद जमील महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळले. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी दुसऱ्या श्रेणीतून वर आला, आणि २००९ पासून जमील त्याचे प्रशिक्षक झाले. कमी पैशांत, फारशी नावं नसलेल्या मुलांना घेऊन त्यांनी तो संघ वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीत टिकवला. २०१६ मध्ये ते ऐझॉल एफसीकडे गेले. ऐझॉल त्या वर्षी खाली घसरलेला संघ होता, त्याला नंतर लीगमध्ये परत घेतलं गेलं. २०१६-१७ च्या मोसमात १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबऱ्या, ३ पराभव, ३७ गुण, आणि मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीगचं विजेतेपद. शेवटचा सामना ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला, लाजाँगविरुद्ध १-१. त्याच मोसमात मुंबई एफसी खालच्या श्रेणीत गेला. जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

ऐझॉलची गोष्ट बहुतेक वेळा चमत्कार म्हणून सांगितली जाते आणि त्यामुळे तिच्यातली कारागिरी झाकली जाते. जमील रिकाम्या हाताने गेले नव्हते. आशुतोष मेहता आणि जयेश राणे हे मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले दोघे ऐझॉलमध्ये होते. गोलरक्षक आल्बिनो गोम्स बाहेरून आला, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन. बाकीची मुलं मिझोरामची, लहानपणापासून एकमेकांविरुद्ध खेळलेली. म्हणजे संघ नवा असला तरी त्यात दोन जुन्या ओळखी शिवलेल्या होत्या: प्रशिक्षकाची पद्धत आधीच अंगवळणी पडलेले काही जण, आणि एकमेकांची चाल ओळखणारा स्थानिक गट. नव्या माणसांची जागा या दोन गटांच्या मधल्या फटीत होती.

हाच नमुना चाळीस वर्षं आधी इंग्लंडमध्ये दिसतो. प्रशिक्षक ब्रायन क्लफ जानेवारी १९७५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. त्यांनी लगेच आणले ते जॉन मॅकगव्हर्न आणि जॉन ओ’हेअर, आधीच्या डर्बी क्लबात त्यांच्या हाताखाली खेळलेले. जॉन रॉबर्टसन क्लबमध्येच दुर्लक्षित होता. त्याला डावीकडे, बाहेरच्या बाजूला उभं केलं. केनी बर्न्स स्ट्रायकर म्हणून खेळत होता, त्याला स्टॉपर केलं. १९७७ मध्ये फॉरेस्ट तिसऱ्या क्रमांकाने वर चढला, १९७८ मध्ये ४२ सामन्यांत फक्त २४ गोल खाऊन थेट लीग जिंकला, आणि १९७९ व १९८० ला युरोपियन कपही. १९८० च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याच रॉबर्टसनचा. आपल्याकडे संघ नव्याने बांधताना सगळी नजर बाहेरून कोण येतो यावर असते. आधीपासून क्लबमध्ये असलेल्या मुलाची जागा चुकली आहे का, हे तपासायला कुणी थांबत नाही. आमच्या मते पहिलं काम ते असावं.

टर्फने काय दिलं, काय राखून ठेवलं

नवी मुंबईत मोठं फुटबॉल येऊन गेलं आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, स्पेनने मालीला ३-१ हरवलेला उपांत्य सामनाही तिथलाच. २०२२ चा मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला. पण रोज सकाळी सरावाला मिळेल असं पूर्ण मापाचं गवती मैदान या पट्ट्यात मोजकंच आहे, आणि ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम मुख्यतः क्रिकेट आणि अ‍ॅथलेटिक्सचं. त्यामुळे इथल्या मुलाचा खेळ टर्फवर घडतो. त्याचे परिणाम मोजता येतात.

पाच-पाचचा साधारण टर्फ ३० बाय १८ मीटरचा धरला तर ५४० चौरस मीटरमध्ये दहा खेळाडू, म्हणजे माणशी ५४. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर, ७,१४० चौरस मीटरमध्ये बावीस जण, म्हणजे माणशी सुमारे ३२५. सहापट जागा. टर्फवाल्या मुलाचा पहिला स्पर्श उत्तम असतो, तळव्याने चेंडू ओढणं, दोघांतून निसटणं त्याला सहज जमतं. पण वर जाळी असल्याने उंच चेंडू त्याने पाहिलेलाच नसतो. ऑफसाइड नसल्याने मागची रेषा एकत्र वर आणण्याची सवय नसते. चाळीस मीटरचा तिरका पास मारायची वेळ आलेली नसते. थ्रो-इन नसतो, म्हणून पहिल्याच लीग सामन्यात दोन-तीन फाउल थ्रो जातात, आणि तेही बहुधा आपल्याच अर्ध्या मैदानात.

म्हणून निवड-चाचणीची नेहमीची पद्धत इथे फसते. शंभर मुलं, एक सकाळ, दहा-दहा मिनिटं: यात ड्रिबल करणारेच डोळ्यात भरतात. आठ-आठचे सामने घ्या, २५ मिनिटांचे, दोन वेगवेगळ्या दिवशी, सुमारे ६५ बाय ४५ मीटरवर. चेंडू पायात नसताना मुलगा कुठे उभा आहे एवढंच लिहा. पास चुकल्यावर पुढच्या पाच सेकंदांत तो काय करतो, हे वेगळ्या रकान्यात. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तेच करतो का ते पाहा. एका दिवसाचा खेळ फसवतो.

यादी २२ जणांची पुरे, त्यात दोन गोलरक्षक आणि एक वयोगटातला तिसरा. चार जण तरी एकाच संघात आधी एकत्र खेळलेले हवेत, आणि शक्यतो एकाच रांगेतले: गोलरक्षक, दोन स्टॉपर, त्यांच्यापुढचा हाफ. पुढच्या फळीत अनोळखी माणूस चालतो, मागे नाही. मागे एका सेकंदाचा गैरसमज झाला तर गोल बसतो. नोंदणी करताना मुलाचं नाव अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या प्रणालीत जुन्या क्लबवर अडकलेलं नाही ना, हे चाचणीच्याच आठवड्यात तपासा. लीगच्या तोंडावर एनओसीसाठी धावाधाव करताना हाच बांधलेला कणा मोडतो, कारण अडकणारा मुलगा बहुधा अनुभवी असतो.

तयारीला सहा आठवडे. पहिले दोन आठ-आठवर, पुढचे दोन नऊ-नऊवर, शेवटचे दोन पूर्ण मैदानावर. टर्फवरून थेट गवतावर पूर्ण वेगाने उतरलेल्या मुलांची मांडीमागची शीर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाते. टर्फवर धाव दहा-बारा मीटरची असते, इथे चाळीसची. म्हणून लांब धावा पहिल्या आठवड्यात ७० टक्के वेगाने सहा, मग दर आठवड्याला दोन वाढवत. टर्फचे छोटे रबरी गोळेवाले बूट ओल्या गवतावर घसरतात, गवतासाठीचे स्टड वेगळे. हे मुलाने विकत घ्यायचं की क्लबने, ते पहिल्या दिवशी ठरलेलं बरं.

आकाराबाबत एकच आकडा पक्का धरावा: शेवटच्या बॅकपासून स्ट्रायकरपर्यंत ३० ते ३५ मीटर. टर्फची मुलं चेंडूकडे खेचली जातात. स्ट्रायकर धावून दाब टाकतो, बॅक मात्र आपल्या डीपाशीच (पेनल्टीच्या चौकटीपाशीच) थांबतात, आणि मधे साठ मीटरचा माळ मोकळा राहतो. दमलेला संघ याच माळावर हरतो. उपाय म्हणून सराव-सामन्यात दर पाच मिनिटांनी शिट्टी, सगळे जागच्या जागी, पावलं मोजा. आठवडाभर कंटाळवाणं वाटतं, मग अंगात बसतं.

कॉर्नर, फ्री किक, थ्रो यांतून साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा गोल होतात. तारे नसलेल्या संघासाठी हा सर्वांत स्वस्त गोल. कॉर्नरच्या दोन चाली, फ्री किकची एक, लांब थ्रोची एक, यापुढे जाऊ नये. मारणारा ठरलेला एकच, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, प्रत्येक चाल पंधरा वेळा. बचावात चार जण सहा यार्डांच्या चौकटीत जागा धरून, चार जण माणसाला धरून, एक छोट्या कॉर्नरवर, एक डीच्या तोंडाशी. बदली खेळाडू आत आला की ही जागावाटणी विस्कटते आणि गोल तेव्हाच बसतो. म्हणून त्याला मैदानात सोडण्यापूर्वी बाकावरच नंबर सांगायचा: तू कुणाला धरणार.

लोकलचं वेळापत्रक

सामने कूपरेज, वांद्रे, परळ इथे. नेरुळहून वांद्र्याला जाताना बहुधा वडाळा रोडला गाडी बदलावी लागते. चारच्या सामन्यासाठी एकच्या आत निघावं लागतं, आणि रविवारी हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असेल तर त्याहून आधी. दोन मुलं वॉर्म-अप सुरू झाल्यावर पोहोचली की अकराची यादी बदलते, आणि महिनाभर जुळवलेली डावी बाजू त्या दिवसापुरती नाहीशी होते. शनिवारी ब्लॉकचं वेळापत्रक पाहणं हे मॅनेजरचं लेखी काम असावं. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणारा मुलगा असेल तर सामन्याआधीच्या रात्रीची पाळी बदलून घेण्याची बोलणी क्लबने करावी, त्याच्यावर सोडू नये. प्रवासखर्च त्याच संध्याकाळी हातात द्यावा. रक्कम छोटी असते, पण ती थकली की सरावाची हजेरी आधी घसरते, निकाल नंतर.

पहिल्या सहा सामन्यांत सुरुवातीच्या अकरात दोनापेक्षा जास्त बदल करायचे नाहीत, हा नियम पाळणं सर्वांत अवघड. दोन पराभव झाले की पाच नवी नावं येतात, आणि कंपनी संघांना वर्षानुवर्षांत जे मिळायचं ते सहा आठवड्यांत जमवायला बसलेला संघ पुन्हा शून्यावर येतो. या काळात गुणांपेक्षा दोन आकडे पाहावेत: दर सामन्यात आपल्या डीमध्ये झालेले प्रतिस्पर्ध्याचे फटके, आणि सत्तराव्या मिनिटानंतर खाल्लेले गोल. पहिला कमी होत असेल तर जुळवाजुळव चालू आहे. दुसरा वाढत असेल तर दोष दमाचा आहे, माणसांचा नाही.

मोसम चांगला गेला की पांगापांग ठरलेली. ऐझॉलचेही विजेतेपदानंतर लगेच प्रशिक्षक आणि प्रमुख खेळाडू दुसऱ्या क्लबांकडे गेले. खालच्या लीगमध्ये ही ओढ रोखायला पैसा नसतो. म्हणून शेवटच्या चार-पाच सामन्यांत, टेबलमधली जागा पक्की झाली असेल तर, पुढच्या वर्षीचा स्टॉपर या वर्षीच्या स्टॉपरशेजारी उभा करावा. मेअखेर कुणाला थांबायचं आहे ते विचारून घ्यावं, आणि जूनमध्ये पावसाने गवत बंद होण्याआधी मागच्या रांगेतल्या किमान तिघांची नोंदणी करून टाकावी. पावसाळ्यात टर्फवर सराव करायचाच असेल तर त्या तिघांना एकाच बाजूने खेळवावं.