पाडला, वाटला आणि वितळवला: १९७४ चा अ‍ॅल्युमिनियम सेंट

नवे नाणे चलनात आणण्याआधी टांकसाळ त्याचे थोडे नग पाडून पाहते. ही नमुना नाणी. त्यातही भलत्याच धातूत पाडलेला नमुना म्हटले की संग्राहक हात सैल सोडतात. अमेरिकेत या हौसेला खतपाणी घातले ते खुद्द टांकसाळीनेच. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचे अधिकारी मर्जीतल्या संग्राहकांना हवे ते पाडून देत. १८६८ साली तर एका सेंटपासून वीस डॉलरपर्यंतचा अख्खा संच अ‍ॅल्युमिनियममध्ये निघाला. तो धातू तेव्हा महाग आणि नवलाईचा. चाचणी कसली, निव्वळ चैन होती ती!

१९७३ मध्ये मात्र खरीच गरज पडली. सेंटमध्ये ९५ टक्के तांबे, आणि तांब्याचा भाव असा चढत होता की नाण्यातला धातू नाण्याच्याच किमतीला भारी पडेल. मग टांकसाळीने १९७४ साल घातलेले १५ लाखांहून अधिक अ‍ॅल्युमिनियम सेंट पाडले. तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅमचा, तर हा जेमतेम ०.९३ ग्रॅमचा. संचालक मेरी ब्रुक्स यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना काही नग पाहायला दिले.

विरोध दोन्ही बाजूंनी झाला. तांब्याच्या खाणवाल्यांचा आणि नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या मालकांचा विरोध धंद्यापोटी होता. बालरोगतज्ज्ञांचा मुद्दा जास्त वजनदार: मुलाने गिळलेला अ‍ॅल्युमिनियम सेंट एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही. (आपल्याकडे तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचा षटकोनी तीन पैसा बिनबोभाट चालत होता.) पुढे तांबे उतरले, बेत बारगळला, नाणी वितळवली. तांब्याचा मुलामा दिलेला जस्ताचा सेंट आला तो १९८२ मध्ये.

पण सदस्यांना दिलेले काही नग परत आलेच नाहीत. एक स्मिथसोनियन संग्रहालयात पोहोचला. बाकीच्यांबाबत सरकारचे म्हणणे एकच: नाणे चलनात आलेच नाही, म्हणून ते सरकारी मालमत्ता. २०१४ मध्ये डेन्व्हर टांकसाळीची खूण असलेला एक सेंट उजेडात आला. तिथल्या एका माजी अधिकाऱ्याच्या मुलाकडे तो होता आणि त्याने तो नाणेविक्रेत्याला ३०० डॉलरला विकला होता. लिलावात अडीच लाख डॉलरची अपेक्षा होती. सरकारने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये नाणे टांकसाळीकडे परत गेले. १८६८ चे अ‍ॅल्युमिनियम संच मात्र आजही लिलावात राजरोस विकले जातात.