बे एरियात कारपूलचा टोल वाचवायचाय? आधी फास्टट्रॅक फ्लेक्स काढा

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात ८८० किंवा १०१ हायवेवरून रोज ऑफिस गाठणारं कुणी ना कुणी विचारतंच, आम्ही तिघं होतो तरी टोल कसा काय कापला. बहुतेक वेळा गाडीत फास्टट्रॅक फ्लेक्स हा टोलचा टॅग नसतो, नाहीतर किती माणसं आहेत ते सांगणारं त्याचं बटण १ वरच राहिलेलं असतं.

या हायवेंवरच्या एक्सप्रेस लेनमध्ये, म्हणजे टोलच्या वेगळ्या लेनमध्ये, एकटा माणूसही पैसे भरून जाऊ शकतो, ट्रॅफिक वाढला की रेट वाढतो आणि तो बोर्डवर दिसतो. ८८० आणि १०१ वर सोम ते शुक्र पहाटे ५ ते रात्री ८ टोल असतो, गाडीत तिघं किंवा जास्त असले तर फुकट, दोघं असले तर अर्धा. बाकी काही रस्त्यांवर नियम वेगळाय, बोर्ड वाचा. कार सीटमधलं तान्हं बाळ पण माणूस म्हणूनच मोजतात, आणि पुण्याहून आलेले आईबाबा तर मोजतातच! पोटातलं बाळ मात्र नाही.

खातं फास्टट्रॅकच्या साइटवर ऑनलाइन उघडतं. नाव, पत्ता, ईमेल, गाडीची नंबर प्लेट, मेक, मॉडेल, वर्ष आणि कार्ड, एवढं हाताशी ठेवा. खातं प्रीपेड आहे, बॅलन्स कमी झाला की कार्डावरून आपोआप भरला जातो. टॅग निवडताना 'फ्लेक्स'च घ्या, साध्या टॅगला १, २, ३ चं बटणच नसतं मग कारपूलची सूट कुठली मिळणार. आपल्याकडच्या फास्टॅगसारखं चिकटवलं आणि विसरलो असं इथे चालत नाही, बटण प्रत्येक वेळी निघायच्या आधी बघायचं. टॅग घरी राहिला तर प्लेटवरून खात्यातून पैसे जातात पण पूर्ण टोल, गाडीत चौघं असले तरी.

मी एकदा बायको आणि लेकीला सोडून एकटाच पुढे निघालो आणि बटण ३ वरच. लेनमधल्या दिव्यावर तुमच्या बटणाचा आकडा दिसतो, पोलीस तो बघून गाडीत डोकावतात, आणि कारपूल मोडल्याचा दंड किमान ४९० डॉलर. त्या दिवशी वाचलो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, कारपूल लेनसाठी तुम्हाला मिळायची ती स्टिकरची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, आता तुम्हालाही माणसं मोजूनच जायचंय.