पृष्ठभागांमधल्या दुबळ्या ओढीचा शोध

१८७३ साली योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी लायडन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात वायूंच्या समीकरणाला एक दुरुस्ती सुचवली. रेणू एकमेकांना किंचित ओढतात, हे त्यांनी हिशेबात धरलं. पण विद्युतभार नसलेल्या अणूंमध्ये ओढ यावी कुठून? याचा उलगडा व्हायला १९३० साल उजाडलं. अणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी सतत हलत असते, त्यातून क्षणिक द्विध्रुव (एका बाजूला किंचित धन, दुसऱ्या बाजूला किंचित ऋण भार) तयार होतो आणि तो शेजारच्या अणूतही द्विध्रुव जागवतो, हे फ्रिट्झ लंडन यांनी पुंजयामिकीच्या आधारे दाखवलं. या ओढीची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने घटते, म्हणजे अंतर दुप्पट झालं की ६४ पटींनी.

इतकी दुबळी ओढ पृष्ठभागांवर मात्र चांगलीच जाणवते, कारण तिथे असंख्य जोड्यांची बेरीज होते. १९३७ मध्ये ह्यूगो हामाकर यांनी ती बेरीज मांडली. दोन सपाट पृष्ठभागांमधलं अंतर दुप्पट केलं, तर ऊर्जा फक्त चौपट घटते.

पुढचा टप्पा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. आइंडहोवनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत व्हेरवे आणि ओव्हरबेक हे द्रवात विखुरलेले बारीक कण गुठळ्या न होता कसे टिकतात, याचा अभ्यास करत होते. निरीक्षणं सिद्धांताशी जुळेनात. दूरवर ही ओढ लंडन यांच्या सूत्रापेक्षा लवकर विरत असावी, असा ओव्हरबेक यांनी कयास बांधला: एका अणूचा प्रभाव प्रकाशाच्या वेगाने दुसऱ्यापर्यंत जाऊन परतेपर्यंत पहिल्याची स्थिती बदललेली असणार. १९४८ मध्ये हेंड्रिक कॅसिमिर आणि डिर्क पोल्डर यांनी गणिताने ते सिद्ध केलं. दूरच्या अंतरावर सहाव्या घाताच्या जागी सातवा घात आला.

प्रत्यक्ष मोजमाप फार अवघड होतं. घासून गुळगुळीत केलेल्या काचेवरही इतके उंचवटे उरतात, की ती फार जवळ आणताच येत नाही. केंब्रिजमध्ये डेव्हिड टेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अभ्रक निवडलं. अभ्रकाचा पापुद्रा सोलला, की अणूच्या पातळीवर सपाट पृष्ठभाग मिळतो. असे दोन पापुद्रे एकमेकांना आडव्या धरलेल्या दंडगोलांवर चिकटवायचे आणि मधली फट प्रकाशाच्या व्यतिकरणाने, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून होणाऱ्या परिणामावरून, मोजायची. फट काही नॅनोमीटर असताना जवळच्या अंतराचा नियम दिसला, ती वाढवत नेल्यावर कॅसिमिर-पोल्डर यांचा. त्यानंतर याच पद्धतीने द्रवात बुडवलेल्या पृष्ठभागांमधली बलंही मोजली जाऊ लागली.