गाडीच्या सेफ्टी पार्टमध्ये फायबरवालं प्लास्टिक कसं आलं

बंपरच्या आतला बीम, सीटचा पॅन, एअरबॅगचं हाउसिंग (घडी केलेली बॅग ज्यात बसवतात तो डबा), या सगळ्यात आज बऱ्याच गाड्यांत प्लास्टिक असतं हे कळलं की लोक दचकतात. पण ते साधं प्लास्टिक नसतं, आत काचेचे नाहीतर कार्बनचे धागे असतात.

सुरुवात मात्र सेफ्टीसाठी झालीच नव्हती. १९५३ ला शेव्हरले कॉर्व्हेट फायबरग्लासच्या (काचेचे धागे घातलेल्या प्लास्टिकच्या) बॉडीत आली, पण खाली फ्रेम स्टीलचीच, धडकेचा भार तीच घेणार. १९५७ च्या लोटस एलिटने सांगाडाच जवळपास पूर्ण फायबरग्लासचा केला, तोही वजन कमी करायला.

खरं वळण आलं १९८१ ला. डिझायनर जॉन बर्नार्डने मॅक्लारेनच्या एमपी४/१ या फॉर्म्युला वन रेसकारला कार्बन फायबरचं मोनोकॉक, म्हणजे सगळा भार घेणारं एकसंध कवच, दिलं, आणि तेव्हा कित्येकांना वाटायचं की धडक बसली की याचा चुरा होणार. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझाच्या रेसमध्ये त्या गाडीचा ड्रायव्हर जॉन वॉटसन जोरात आदळला, इंजिन तुटून वेगळं झालं आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला!

गंमत म्हणजे चुरा होणं हीच याची ताकद आहे. स्टील घड्या पडत दबतं, धडक शोषायला बसवलेला कार्बनचा नळा मात्र टोकापासून बारीक बारीक फुटत जातो, धाग्यांचे थर सुटतात, धागे तुटतात आणि त्या प्रत्येक तुटण्यात धडकेची एनर्जी खर्च होते, म्हणून तेवढ्याच वजनात तो स्टीलपेक्षा जास्त शोषू शकतो. अट एकच, फुटायला सुरुवात ठरवलेल्या टोकाकडूनच झाली पाहिजे, म्हणून ते टोक मुद्दाम तिरकं कापतात, नाहीतर नळा मधूनच कडकन मोडतो आणि फारसं काही शोषत नाही.

रोजच्या गाड्यांना कार्बन परवडत नव्हता, तिथे काचेचे धागे कामाला आले. आधी बंपर बीम, मग काच भरलेल्या नायलॉनची एअरबॅग हाउसिंग. मला सगळ्यात अवघड हाच पार्ट वाटतो, कारण उणे ३५ डिग्रीला बॅग झटक्यात फुगली तरी त्याचे तुकडे उडता कामा नयेत आणि ८५ डिग्रीला नरम पडून वाकताही कामा नये. २०१३ ला बीएमडब्ल्यू आय३ मध्ये कार्बनचा अख्खा पॅसेंजर सेल (माणसं बसतात तो सांगाडा) नेहमीच्या प्रॉडक्शनमध्ये आला.

एक अडचण अजून आहेच. स्टीलला पोचा पडला की दिसतो, इथे वरून सगळं ठीक दिसतं आणि आतले थर सुटलेले असतात, त्यामुळे धडकेनंतर कधीकधी अल्ट्रासाउंडने तपासावं लागतं.